नाशिकहून लंडन किती लांब? विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ काढण्याची रीत

लंडन नाशिकपासून किती तासांवर आहे, या प्रश्नाला एकाच तिकिटावरून तीन उत्तरे निघू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. मुंबईहून पहाटे २.३० ला सुटणारे विमान हिवाळ्यात त्याच दिवशी सकाळी ७.०० ला लंडनला उतरत असेल, तर तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी साडेचार तास सांगते. विमानात मात्र दहा तास बसावे लागते. आणि गंगापूर रोडवरच्या घराला कुलूप लावल्यापासून लंडनमधल्या लेकाच्या दाराची घंटा वाजवेपर्यंतचा वेळ धरला, तर एकवीस तास सहज होतात. परिचयातील मंडळी तिकीट दाखवायला माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा गोंधळ बहुधा या तीन आकड्यांतलाच असतो. आणि तो सोडवण्यासाठी जे गणित लागते, ते दहावी झालेल्या कोणालाही साध्या कॅल्क्युलेटरवर जमण्यासारखे आहे.

या लेखात उदाहरण म्हणून लंडन घेतले आहे, मधूनमधून न्यूयॉर्कही येईल. पण रीत कोणत्याही शहराला लागू पडते. सुरुवातीलाच एक पथ्य सांगून ठेवतो. सगळा हिशेब नाशिकच्या, म्हणजेच भारतीय प्रमाणवेळेच्या घड्याळात करावा आणि परगावची वेळ अगदी शेवटी, एकदाच काढावी. चुका होतात त्या दोन घड्याळे एकाच वेळी डोक्यात ठेवल्यामुळे.

पहिली पायरी : कोणत्या दोन ठिकाणांमधले अंतर?

शहरापासून शहरापर्यंतचे अंतर आणि विमानतळापासून विमानतळापर्यंतचे अंतर यांत दूरच्या प्रवासात फारसा फरक पडत नाही, पण वेळेत पडतो, म्हणून आधी विमानतळ नक्की करावेत. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. न्यूयॉर्कसाठी विकले जाणारे तिकीट पुष्कळदा नेवार्कचे असते, आणि ते तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे. आपल्या बाजूलाही आता तसेच झाले आहे. मुंबईला सहारचा जुना विमानतळ आहे आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही प्रवासी विमानांसाठी सुरू झाला आहे. नाशिकहून या दोन्हींकडे जाणारे रस्ते ठाण्याच्या अलीकडेच वेगळे होतात. तेव्हा तिकिटावरचे तीन अक्षरी संकेतनाम नीट वाचावे. सहारचे संकेतनाम ‘बीओएम’ आहे, म्हणजे शहराचे नाव बदलले तरी तिथे अजून जुने बॉम्बेच टिकून आहे. आपल्या ओझरचे, म्हणजे नाशिकच्या विमानतळाचे, ‘आयएसके’ आहे.

विमानतळ ठरले की त्यांचे अक्षांश आणि रेखांश मिळवावेत. मोबाइलच्या नकाशावर विमानतळाच्या जागी बोट दाबून धरले की दोन दशांश संख्या दिसतात. पहिली अक्षांशाची, दुसरी रेखांशाची. दोन दशांश स्थळे पुरतात, कारण अंशाचा शंभरावा भाग म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. आपल्याला लागणाऱ्या संख्या अशा आहेत : मुंबई (सहार) १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, लंडन (हीथ्रो) ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम; न्यूयॉर्क (केनेडी) ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश अधिक चिन्हाचे, दक्षिण आणि पश्चिम उणे चिन्हाचे धरायचे. नाशिक शहराचा रेखांश सुमारे ७३.७९ पूर्व आहे. म्हणजे ग्रीनिचपासून आपण जितके पूर्वेला आहोत, जवळजवळ तितकाच केनेडी विमानतळ पश्चिमेला आहे! गणितात याचा उपयोग काही नाही, पण पृथ्वीगोल हातात घेतल्यावर ही गोष्ट पाहायला गंमत वाटते.

दुसरी पायरी : अंतराचे गणित

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधली सर्वात जवळची वाट एका मोठ्या वर्तुळाचा कंस असते. हे वर्तुळ म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रावरच असते असे वर्तुळ. विषुववृत्त हे त्याचे ओळखीचे उदाहरण. म्हणून आपल्याला आधी किलोमीटर न काढता त्या कंसाने पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन काढायचा आहे, आणि मग त्या कोनाचे किलोमीटर करायचे आहेत.

सूत्र शब्दांत असे आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे. या दोन संख्यांची बेरीज ही हव्या असलेल्या कोनाची कोसाइन असते. (साइन हा शब्द आपल्याकडच्या ‘ज्या’चाच अरबी आणि लॅटिनमधून फिरून आलेला अवतार आहे, त्यामुळे त्याला परका समजण्याचे कारण नाही.)

कॅल्क्युलेटर हातात घेतल्यावर सर्वात आधी तो अंशांवर लावलेला आहे ना, ते पाहावे. साइन ३० दाबल्यावर ०.५ आले तर ठीक, उणे ०.९८८ आले तर तो रेडियनवर आहे आणि पुढचे सगळे उत्तर फुकट जाणार आहे. एरवी हुशार असलेली मुलेही इथेच फसतात.

आता मुंबई ते लंडन. १९.०९ अंशाची साइन ०.३२७० आणि ५१.४७ अंशाची ०.७८२३, गुणाकार ०.२५५८. त्याच अक्षांशांच्या कोसाइन ०.९४५० आणि ०.६२२९, गुणाकार ०.५८८७. लंडनचा रेखांश पश्चिमेचा, म्हणजे उणे ०.४५ असल्यामुळे फरक काढताना तो मिळवला जातो : ७२.८७ अधिक ०.४५ म्हणजे ७३.३२ अंश, आणि त्याची कोसाइन ०.२८७०. म्हणून दुसरी संख्या ०.५८८७ गुणिले ०.२८७०, म्हणजे ०.१६९०. बेरीज ०.४२४८. ज्याची कोसाइन ०.४२४८ आहे तो कोन, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचे उलटे कोसाइनचे बटण दाबल्यावर येणारा कोन, ६४.८६ अंश.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर मोठ्या वर्तुळाच्या एका अंशाला १११.२ किलोमीटर येतात. ६४.८६ ला १११.२ ने गुणले की सुमारे ७,२१० किलोमीटर. वैमानिक सागरी मैलांत मोजतात आणि त्यामागे हेच गणित आहे : एक सागरी मैल म्हणजे मुळात अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर, आता १.८५२ किलोमीटर असे ठरवून दिलेले. म्हणून ६४.८६ ला साठाने गुणले की सुमारे ३,८९० सागरी मैल थेट मिळतात.

न्यूयॉर्कसाठी हीच रीत वापरून पाहावी. रेखांशांतील फरक १४६.६५ अंश येतो. तो नव्वदाहून मोठा असल्यामुळे त्याची कोसाइन उणे येते, आणि बेरीजही उणे ०.३८६० येते. घाबरू नये, उणे चिन्हासह बटण दाबावे. कोन ११२.७ अंश आणि अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर येईल. रेखांशांतील फरक १८० पेक्षा जास्त आला, उदाहरणार्थ मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, तरी हे सूत्र आपोआप जवळची बाजू पकडते, वेगळे काही करावे लागत नाही.

दोरा घेऊन पडताळा

घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर गणिताचा पडताळा दोऱ्याने होतो. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरावे, दुसरे लंडनवर ताणून न्यावे, आणि मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून किती अंश व्यापतो ते वाचावे. पासष्टच्या आसपास यायला हवे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र हे करू नये. १५६९ मध्ये मर्केटरने आखलेल्या पद्धतीचे नकाशे दिशा दाखवायला उत्तम आहेत, पण ध्रुवांकडे जाताना ते सगळे फुगवतात; आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असूनही त्या नकाशावर दोन्ही जवळपास सारखी दिसतात. म्हणूनच नकाशावर पट्टी ठेवून आखलेली सरळ रेघ जवळची नसते, आणि जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते.

दोरा आणखी एक गोष्ट दाखवतो. मुंबई ते न्यूयॉर्क ताणलेला दोरा पश्चिमेला अरबी समुद्राकडे न जाता बऱ्याच अंशी उत्तरेला निघतो आणि सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग खाली उतरतो. अमेरिका ‘पश्चिमेला’ आहे असे म्हणणाऱ्यांना हे पहिल्यांदा पटत नाही.

तिसरी पायरी : प्रत्यक्ष वाट लांबवून धरणे

७,२१० किलोमीटर ही कमीत कमी लांबी झाली. प्रत्यक्षात विमान इतके नेमके उडत नाही, आणि का उडत नाही हे कळण्यासाठी मुंबई-लंडन दोरा कोणकोणत्या प्रदेशांवरून जातो ते बोटाने तपासावे. सौराष्ट्र, सिंध आणि बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, आर्मेनिया-जॉर्जियाचा सीमाभाग, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी, आणि मग इंग्लंड.

ही यादी वाचताच अडचण ध्यानात येते. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झाली. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली; २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असे घडले होते. इराणभोवतीचे आकाश तणावाच्या दिवसांत अचानक रिकामे केले जाते. यांपैकी काही निर्बंध सगळ्या विमानांना लागू असतात आणि काही फक्त एका देशात नोंदलेल्या विमानांना. त्यामुळे एकाच मार्गावर भारतीय कंपनीचे विमान आणि परदेशी कंपनीचे विमान यांच्या वेळांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक दिसला, तर त्याचे कारण विमानाच्या वेगात न शोधता नकाशात शोधावे. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना पाकिस्तानचा वळसा मुंबईच्या विमानांपेक्षा जास्त जाचतो, कारण मुंबईचे विमान तसेही समुद्रावरून निघून ओमानच्या बाजूने जाऊ शकते.

सर्वसाधारण हिशेबासाठी गणिताने आलेल्या अंतरात पाच ते सहा टक्के मिळवावेत. वळसा मोठा असल्याचे ठाऊक असेल तर दहा टक्के. लंडनसाठी सहा टक्के मिळवले की सुमारे ७,६५० किलोमीटर होतात, आणि पुढच्या पायरीत हाच आकडा वापरायचा आहे.

चौथी पायरी : अंतरावरून तास

दूरच्या पल्ल्याची मोठी विमाने साधारण साडेदहा ते बारा किलोमीटर उंचीवर, ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास उडतात. त्या उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आगेमागे असते आणि थंड हवेत ध्वनी हळू जातो, त्यामुळे हा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर भरतो. परंतु हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत आहे. हवा स्वतः वाहत असेल, तर जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग तितका वाढतो किंवा घटतो. गोदावरीला पूर आलेला असताना प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याचे जे होते, तेच.

आपल्या आणि युरोपच्या अक्षांशांवर या उंचीला वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि त्यांतल्या अरुंद वेगवान पट्ट्यांचा जोर हिवाळ्यात वाढतो. म्हणून लंडनला जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर. इथे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेचे गाव आपोआप आपल्याकडे येत नाही का? येत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असते. कसाऱ्याच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या वर उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही.

सरासरी तोंडाचा वारा ताशी ६० किलोमीटर धरू. जाताना जमिनीवरचा वेग ८४० होतो; ७,६५० ला ८४० ने भागले की ९.१ तास. यात विमानतळावर सरपटत जाणे, धावपट्टीची वाट पाहणे, चढणे आणि उतरणे यांसाठी चाळीस मिनिटे मिळवावीत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि रांग लागते. हीथ्रोवरही उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालाव्या लागणे नवे नाही. एकूण सुमारे ९ तास ५० मिनिटे. येताना वेग ९६०, म्हणून ८ तास आणि चाळीस मिनिटे, म्हणजे ८ तास ४० मिनिटे. कंपन्यांची वेळापत्रके जाताना दहा तासांच्या आणि येताना नऊ तासांच्या जवळपास असतात. ती थोडी सैल आखलेली असतात, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा वेळ, ज्याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात, त्यांना वक्तशीर दाखवायचा असतो. ‘अर्धा तास आधीच उतरवले’ म्हणून वैमानिकाचे कौतुक होते त्यातला बराच भाग या सैलपणाचा असतो.

घाईचा ठोकताळा हवा असेल, तर थेट अंतराला ८०० ने भागून अर्धा तास मिळवावा. लंडनसाठी तो साडेनऊ तास सांगतो, न्यूयॉर्कसाठी सुमारे सोळा. तासा-दोन तासांच्या देशांतर्गत प्रवासाला तो वापरू नये. तिथे चढण्या-उतरण्यातच निम्मा वेळ जातो.

पाचवी पायरी : घड्याळांचा हिशेब

सूर्य एक अंश रेखांश ओलांडायला चार मिनिटे घेतो. त्या हिशेबाने मुंबई आणि लंडन यांच्यात ४ तास ५३ मिनिटांचा फरक असायला हवा. पण घड्याळे सूर्याने चालत नाहीत, कायद्याने चालतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ पूर्व रेखांशाची आहे, त्यामुळे नाशिकचा सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असतो. पंचांगातली सूर्योदयाची वेळ गावागणिक का बदलते, त्याचेही उत्तर हेच. आणि लंडनचे घड्याळ वर्षातून दोनदा सरकवले जाते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण लंडनच्या साडेचार तास पुढे असतो, उरलेले महिने साडेपाच तास. न्यूयॉर्कची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात, म्हणून तिथला फरक साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा. मार्चमधले मधले दोन-तीन आठवडे विशेष सांभाळावेत, कारण तेव्हा अमेरिका सरकलेली असते आणि इंग्लंड सरकलेले नसते. लंडनमध्ये विमान बदलून पुढे जाणाऱ्यांनी दोन्ही फरक स्वतंत्रपणे तपासावेत.

हिशेब असा करावा. मुंबईहून सुटण्याची वेळ २.३०, त्यात दहा तास, म्हणजे नाशिकच्या घड्याळात दुपारचे १२.३०. हिवाळा असेल तर साडेपाच तास वजा : लंडनची वेळ सकाळी ७.००. उन्हाळा असेल तर साडेचार वजा : ८.००. येताना उलटे. लंडनहून हिवाळ्यात रात्री ९.०० ला सुटणारे विमान नाशिकच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी पहाटे २.३० ला सुटते. त्यात नऊ तास मिळवले की मुंबईला सकाळी ११.३०. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ छापलेले दिसते ते याच ‘दुसऱ्या दिवशी’साठी.

तिकीट हातात असेल आणि विमानातला वेळ शोधायचा असेल, तर दोन्ही वेळा आधी नाशिकच्या घड्याळात आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. वर म्हटलेले ‘साडेचार तास’ हे हा क्रम न पाळण्याचे फळ आहे.

मध्यरात्रीच्या तारखेबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. तिकिटावर ‘१२ तारीख, ००.४०’ असे लिहिलेले असेल, तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री जायचे असते. आमच्याच घरात हे चुकले आहे. मावशींच्या प्रवासाच्या वेळी बारा तारखेला सगळ्यांनी निवांत जेवण केले, ओटी भरली, शिदोरी बांधली आणि रात्री विमानतळाच्या दारावरच्या जवानाने तिकीट पाहून शांतपणे सांगितले की हे विमान काल गेले. तेव्हापासून माझ्याकडे तिकीट येते तेव्हा मी पहिल्यांदा मागच्या बाजूला पेनने लिहून देतो : ‘घरातून निघायचे – अमुक वार, अमुक तारीख, संध्याकाळी इतके वाजता.’ वार लिहिणे महत्त्वाचे, कारण माणसे तारखेपेक्षा वार नीट लक्षात ठेवतात.

सहावी पायरी : थेट जावे की थांबून?

मधल्या थांब्यामुळे अंतर खूप वाढते असा समज आहे, पण तो थांबा कुठे आहे यावर सगळे अवलंबून असते. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर. बेरीज ७,४३० म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त. वेळ वाढतो तो दुबईतल्या बसण्याने आणि दुसऱ्यांदा चढण्या-उतरण्याने. म्हणून अशा तिकिटांची तुलना करताना एकूण वेळातून हवेतला वेळ वजा करून उरलेला वेळ पाहावा. दोन ते तीन तासांचा थांबा चांगला. दीड तासाच्या आतला थांबा ज्येष्ठांसाठी घेऊ नये, कारण मोठ्या विमानतळांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाण्यातच वीस-पंचवीस मिनिटे मोडतात आणि वाटेत पुन्हा सामानाची तपासणी असते.

नाशिककरांपुढे आणखी एक पर्याय असतो, तो म्हणजे ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून लंडन. ओझर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,००० किलोमीटर आणि दिल्ली ते लंडन सुमारे ६,७०० किलोमीटर. बेरीज ७,७००, म्हणजे मुंबईहून थेट जाण्यापेक्षा पाचशे किलोमीटर जास्त. तरीही तो विचारात घेण्यासारखा आहे, कारण ओझर घरापासून तासाच्या आत आहे आणि कसारा घाट, भिवंडी, ठाणे हे तिन्ही टळतात. अट एकच : दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि ओझरचे विमान हिवाळ्याच्या धुक्यामुळे दिल्लीला उशिरा पोहोचले, तर पुढची कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. शिवाय दिल्लीत सामान उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते. ओझरची वेळापत्रके हंगामागणिक बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशीच ती पाहावीत. वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर दिल्लीत किमान सहा तास ठेवावेत, म्हणजे मग मुंबईपेक्षा वेळ वाचत नाही, फक्त रस्त्याचा त्रास वाचतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढेही पुष्कळ असते.

सातवी पायरी : उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

हा हिशेब नेहमी उलटा, म्हणजे विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत करावा. वरच्याच उदाहरणात विमान १२ तारखेला पहाटे २.३० ला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे ११ तारखेच्या रात्री ११.३०. सामान घेण्याची खिडकी सुटण्याच्या सुमारे एक तास आधी बंद होते. तीन तासांतले दोन तास रांगांसाठी आहेत, गप्पांसाठी नाहीत.

नाशिक ते सहार विमानतळ हवाई रेषेने सुमारे १४० किलोमीटर आहे, रस्त्याने १६० ते १७०. रिकाम्या रस्त्याला साडेतीन तास पुरतात, पण रिकामा रस्ता गृहीत धरून कोणी विमान गाठू नये. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाला पर्याय मिळाला आहे. आमण्यापासून पुढे भिवंडी आणि ठाण्याची कोंडी मात्र आहे तिथेच आहे. मी कोरड्या दिवसांत साडेचार तास आणि पावसाळ्यात साडेपाच तास धरतो. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आगेमागे प्रवास असेल, तर शहराबाहेर पडण्यासाठीच वेगळा वेळ राखावा, किंवा आदल्या दिवशीच मुंबईला मुक्कामाला जावे.

रेल्वेने जायचे असल्यास नाशिकरोडहून ठाणे किंवा दादरला उतरून पुढे टॅक्सी करावी. घाटातल्या कोंडीची भीती राहत नाही, पण दोन जड बॅगा घेऊन ठाण्याच्या पुलावर चढणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. हमाल आणि सोबत नसेल तर गाडीच बरी.

म्हणजे निघण्याची वेळ ११ तारखेला संध्याकाळी सातची येते. मी सहाची सांगतो. घाटाच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेतरी चहा आणि जेवण होतेच. आता पुढच्या टोकाचे पाहू. लंडनला सकाळी ७.०० ला उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान मिळून एक ते दीड तास, आणि हीथ्रोहून शहराच्या मध्यापर्यंत रेल्वेने पाऊण ते एक तास; लेकाच्या दाराशी सुमारे साडेनऊ वाजतात. नाशिकच्या घड्याळात दुपारचे तीन. संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एकवीस तास, आणि त्यांतले हवेतले दहा.

औषधांच्या वेळाही याच पट्टीवर बसवाव्यात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी रात्री नऊला घेणाऱ्याने प्रवासाच्या दिवशी ती नाशिकच्या नऊलाच घ्यावी; दुसऱ्या दिवसापासून वेळ कशी सरकवायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विचारायला विसरूच नये आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

परतीच्या प्रवासात मुंबईला ११.३० ला उतरलेला माणूस बाहेर पडेपर्यंत एक वाजतो आणि नाशिकला पोहोचेपर्यंत संध्याकाळचे सहा. न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला ‘शुक्रवारी रात्री निघतोय’ असे कळवू नये, कारण तो शुक्रवारीच येऊन उभा राहील. ‘शनिवारी दुपारी एक वाजता, टर्मिनल दोनच्या बाहेर’ असे भारताच्या वारात आणि भारताच्या वेळेत लिहून पाठवावे, आणि विमान लंडनहून सुटल्यावर त्याला आणखी एक निरोप टाकावा.